यांगजिन्हुआ : चिनी वैद्यकातील विषारी धोतरा

चीनच्या राष्ट्रीय औषधकोशात 'यांगजिन्हुआ' या नावाने नोंदलेले औषध म्हणजे धोतऱ्याची वाळवलेली फुले होत. वनस्पतिशास्त्रात या झाडाला दातुरा मेटेल असे नाव आहे. वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू ज्या सोलॅनेसी कुळात मोडतात, त्याच कुळातील ही वनस्पती असून तिची मुळे, पाने, फुले, फळे आणि बिया असे सर्वच भाग विषारी आहेत. दमा, जुनाट खोकला, पोटातील कळा, सांधेदुखी आणि झटके यांवर चिनी वैद्य तिचा उपयोग करीत आले आहेत. पोटात घेण्याची मात्रा औषधकोशाने केवळ ०.३ ते ०.६ ग्रॅम एवढीच ठरवून दिली आहे. नेहमीच्या चिनी काढ्यात एकेक वनस्पती अनेक ग्रॅम घातली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या फुलाबाबत किती जपून वागावे लागते याची कल्पना येते.

मराठी वाचकाला हे झाड नवे नाही. गावकुसाबाहेर, उकिरड्याच्या कडेला, पडीक जागेत उगवणारा, पांढऱ्या किंवा जांभळट कर्ण्यासारख्या फुलांचा आणि काटेरी गोल फळांचा धोतरा महाशिवरात्रीला शंकराला वाहिला जातो. चीनमध्ये मात्र त्याची ओळख देवळातील नव्हे, तर औषधाच्या दुकानातील आहे. तेथे औषधासाठी झाडाची लागवड करतात आणि एप्रिल ते नोव्हेंबर या काळात नुकतीच उमललेली फुले खुडून उन्हात किंवा मंद आचेवर वाळवतात. वाळलेले फूल सुरकुतून दोरीसारखे होते. ते अखंड असल्यास त्याची लांबी ९ ते १५ सेंटिमीटर भरते आणि रंग फिकट पिवळ्यापासून पिवळट तपकिरी असतो. पारंपरिक वर्गीकरणात ते तिखट, उष्ण आणि विषारी मानले असून फुप्फुस व यकृत यांच्या मार्गांवर त्याचा परिणाम होतो, असे सांगितले आहे.

'यांगजिन्हुआ' या नावाचा अर्थ 'परदेशी सोनेरी फूल' असा आहे. जुन्या ग्रंथांत मात्र या झाडाचे नाव 'मांतुओलुओ' असे आढळते आणि तो शब्द मूळचा संस्कृत आहे. बुद्ध उपदेश करीत असताना आकाशातून मंदारव पुष्पांचा वर्षाव झाला, असे वर्णन सद्धर्मपुंडरीक सूत्रात आहे. या सूत्राच्या चिनी भाषांतरात 'मंदारव' शब्दाचे ध्वनीनुसार 'मांतुओलुओ' असे रूप झाले आणि पुढे ते धोतऱ्याला चिकटले. स्वर्गातील फुलाचे नाव उकिरड्यावरील विषारी झाडाला कसे मिळाले, याचा उलगडा सोपा नाही. भारतात मंदार म्हणजे रुई किंवा पांगारा. धोतरा हा संस्कृतात 'धत्तूर' आहे. याच धत्तूर शब्दावरून लिनियसने 'दातुरा' हे प्रजातीचे शास्त्रीय नाव घेतले. एकाच झाडाची चिनी आणि लॅटिन अशी दोन्ही नावे अशा रीतीने भारतातून गेलेली आहेत.

झाड स्वतः कोठून आले, हा प्रश्न याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. दातुरा प्रजातीचे मूळ अमेरिका खंडात आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. तसे असेल तर कोलंबसाच्या कितीतरी आधी भारतात व चीनमध्ये त्याचे उल्लेख कसे सापडतात? आर. गीता आणि वलीद घरैबेह या संशोधकांनी २००७ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस' या नियतकालिकात या प्रश्नाचा ऊहापोह केला. जुने संस्कृत व अरबी उल्लेख तपासून, कोलंबसपूर्व काळातच, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात, ही वनस्पती जुन्या जगात पोहोचली असावी, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ती कोणत्या मार्गाने आली, याविषयी मात्र अद्याप तर्कच करावे लागतात.

गुंगीचे औषध

चिनी वैद्यकातील सर्वांत जुन्या वनौषधिग्रंथात धोतरा नाही. तेथे याच कुळातील 'लांगदांग' आहे. आपल्याकडे ज्याला खुरासानी ओवा म्हणतात तीच ही वनस्पती असून, तिच्या बिया अधिक खाल्ल्यास माणूस वेड्यासारखा धावत सुटतो, अशी नोंद प्राचीन काळापासून आहे. धोतऱ्याचा निःसंदिग्ध उल्लेख सुंग काळापासून मिळू लागतो. वैद्य दोउ त्साई याने ११४६ साली लिहिलेल्या ग्रंथात 'निद्रा आणणारे चूर्ण' दिले आहे. धोतऱ्याची आणि भांगेच्या जातीची फुले एकत्र करून ते तयार होत असे. डाग देण्याच्या उपचारात, म्हणजे त्वचेवर औषधी वनस्पती जाळण्याच्या क्रियेत, रुग्णाला वेदना सहन होत नसत. म्हणून त्याला आधी हे चूर्ण देऊन झोपवीत.

त्याच शतकात या झाडाचा दुसरा उपयोगही नोंदला गेला. आजच्या क्वांग्शी प्रांताच्या परिसराविषयी ११७८ साली लिहिणाऱ्या झोउ छ्युफेई याने सांगितले आहे की, तेथील चोर धोतरा वाळवून त्याची पूड लोकांच्या खाण्यापिण्यात मिसळतात आणि ते बेशुद्ध झाले की त्यांची पेटी उचलून पसार होतात. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, इतिहासकार सीमा ग्वांग याने एका सरकारी अधिकाऱ्याची हकिगत नोंदवली आहे. बंडखोर टोळ्यांच्या प्रमुखांना पैसा व पदाचे आमिष दाखवून या अधिकाऱ्याने मेजवानीस बोलावले, धोतरा घातलेली दारू पाजली आणि बेशुद्धावस्थेत त्या कित्येक जणांना ठार केले. 'वॉटर मार्जिन' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या चिनी कादंबरीत ज्या गुंगीच्या औषधाने खजिन्याचे रखवालदार आडवे होतात, त्यातही धोतराच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. भारतातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश दप्तरांत धोतरा घालून प्रवाशांना लुटणाऱ्यांच्या नोंदी जागोजाग आहेत आणि न्यायवैद्यकाची भारतीय पाठ्यपुस्तके आजही मिरचीचे बी आणि धोतऱ्याचे बी यांतील फरक विद्यार्थ्यांना शिकवतात.

धोतऱ्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध चिनी नोंद मात्र ली शिझेन या वैद्याची आहे. त्याचा 'बन्त्साओ गांगमू' हा प्रचंड ग्रंथ १५७८ साली पूर्ण झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ साली, छापून निघाला. हे फूल हसत हसत खुडून दारूत घातले तर पिणारा हसत सुटतो आणि नाचत खुडले तर तो नाचू लागतो, अशी लोकांची समजूत होती. ली शिझेनने ऐकीव गोष्ट लिहून हात झटकले नाहीत. ती दारू त्याने अर्धी नशा चढेपर्यंत स्वतः प्यायली आणि समोर दुसऱ्या माणसाला हसायला किंवा नाचायला लावले. समजूत खरी ठरली, असे तो नमूद करतो. आजच्या भाषेत सांगायचे तर या विषाच्या अंमलाखाली माणूस दुसऱ्याच्या सूचनेला विलक्षण वश होतो, हे त्याने टिपले होते. खुडणाऱ्याच्या हसण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पिणाऱ्यासमोर कोण हसते याचा होता. फोड कापण्यापूर्वी वा डाग देण्यापूर्वी गरम दारूतून घ्यावयाच्या चूर्णाची कृतीही त्याने दिली आहे. त्यातील मात्रा आजच्या औषधकोशातील मर्यादेच्या कितीतरी पट अधिक आहे. तरीही ग्रंथात त्याने या फुलाला विषारी वनस्पतींच्याच प्रकरणात जागा दिली.

धोतऱ्याची गोष्ट सांगताना हुआ तुओ या वैद्याचे नाव हमखास घेतले जाते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात होऊन गेलेला हा वैद्य रुग्णाला दारूबरोबर 'माफेईसान' नावाचे चूर्ण देऊन पोट कापण्याच्या शस्त्रक्रिया करीत असे, असे चिनी इतिहासग्रंथांत म्हटले आहे. सेनापती त्साओ त्साओ याने त्याला ठार करविले आणि चूर्णाची कृती नष्ट झाली. त्या चूर्णात धोतरा होता, असे लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. परंतु मूळ ग्रंथांत घटकांची नावे दिलेली नाहीत. त्यामुळे हा तर्कच समजला पाहिजे.

तर्कापलीकडचा पुरावा सापडतो तो जपानमध्ये. कीई प्रांतातील हिरायामा या गावी राहणारा शल्यवैद्य हानाओका सेइशू याने हुआ तुओच्या कथेने प्रेरित होऊन चिनी व डच अशा दोन्ही पद्धतींच्या ज्ञानाच्या आधारे गुंगीचे औषध तयार केले. धोतरा आणि बचनाग हे त्याचे मुख्य घटक होते. पहिले प्राण्यांवर आणि नंतर घरच्या माणसांवर त्याने प्रयोग केले. त्याची आई आणि पत्नी काए या दोघींनी स्वतःहून पुढे येऊन औषध घेतले, असे सांगितले जाते; काएची दृष्टी त्यात गेली. १३ ऑक्टोबर १८०४ रोजी हानाओकाने साठ वर्षांच्या एका स्त्रीला हे औषध पाजून तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. बोस्टन येथे विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले ते त्यानंतर ४२ वर्षांनी, १८४६ च्या ऑक्टोबरात. औषधाचा अंमल चढण्यास काही तास लागत आणि उतरण्यास त्याहून अधिक; तरी हानाओकाने पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सावाको आरियोशी या लेखिकेने १९६६ साली त्याच्या पत्नीवर लिहिलेली कादंबरी जपानमध्ये फार गाजली. श्रेय कोणाला मिळाले आणि किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्या कादंबरीने वाचकांसमोर ठेवला.

विष कसे काम करते

धोतऱ्याच्या अंगी असलेली शक्ती स्कोपोलामिन, हायोसायमिन आणि ॲट्रोपिन या अल्कलॉइड द्रव्यांमुळे येते. यांगजिन्हुआच्या फुलांत स्कोपोलामिनचे प्रमाण सर्वाधिक असते आणि ते किमान ०.१५ टक्के असावे, अशी औषधकोशाची अट आहे. म्हणजे ०.६ ग्रॅम फुलांतून किमान ०.९ मिलिग्रॅम स्कोपोलामिन शरीरात जाऊ शकते. डॉक्टर हे द्रव्य इंजेक्शनाने देतात तेव्हा एका वेळची मात्रा साधारणपणे यापेक्षाही कमी असते. शिवाय अट किमान प्रमाणाची आहे. जमीन, हंगाम आणि झाडाचे वय यांनुसार एका फुलातील विष दुसऱ्यापेक्षा बरेच अधिक असू शकते. डोळ्यांनी पाहून ते कळत नाही.

शरीरातील अनेक मज्जातंतू ॲसिटिलकोलिन या द्रव्याच्या साहाय्याने संदेश पोहोचवतात. धोतऱ्यातील द्रव्ये हा संदेश जेथे स्वीकारला जातो ती जागाच अडवून बसतात. श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात, म्हणून दम्याच्या रुग्णाला मोकळे वाटते. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोटातील कळ थांबते. स्कोपोलामिन मेंदूत सहज शिरते, म्हणून गुंगी येते. मात्रा वाढली की हेच परिणाम उलटतात. तोंड व घसा कोरडा पडतो, गिळता येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारून नजर अंधुक होते, त्वचा लाल व तप्त होते, नाडी जलद चालते, लघवी तुंबते. त्यानंतर भ्रम सुरू होतो. रुग्ण असंबद्ध बरळतो, नसलेली माणसे पाहतो, हवेतून किंवा अंथरुणावरून अदृश्य धागे वेचल्यासारखे हातवारे करतो. पुढे झटके, बेशुद्धी आणि श्वास बंद पडून मृत्यू, असा क्रम येऊ शकतो.

आतडी मंदावलेली असल्याने विष हळूहळू शोषले जाते आणि लक्षणे एक-दोन दिवसही टिकतात. म्हणून थोडे बरे वाटले की रुग्णाला घरी नेणे धोक्याचे असते. रुग्णालयात सक्रिय कोळसा, अंग थंड ठेवणे आणि शामक औषधे यांवर भर असतो. गंभीर अवस्थेत फायसोस्टिग्मिन हा उतारा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. गंमत अशी की हा उताराही कॅलाबार शेंग या आफ्रिकेतील एका विषारी वनस्पतीतून मिळालेला आहे.

हाच उतारा हाताशी असल्याने चीनमध्ये धोतऱ्याचा एक अनपेक्षित पुनर्जन्म झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पारंपरिक औषधांचा आधुनिक शस्त्रक्रियेत वापर करण्यावर सरकारचा भर होता. च्यांगसू प्रांतातील शूझोउ येथील डॉक्टरांनी १९७० साली यांगजिन्हुआवर आधारित भूल देण्यास आरंभ केला आणि ही पद्धत देशभर पसरली. धोतऱ्याच्या अर्काच्या जोडीला क्लोरप्रोमाझिनसारखे आधुनिक शामक दिले जाई आणि शस्त्रक्रिया संपल्यावर फायसोस्टिग्मिनने रुग्णाला जागे करीत. प्राचीन कृतीचे पुनरुज्जीवन म्हणून तिची प्रसिद्धी झाली खरी. प्रत्यक्षात ती निम्मी आधुनिकच होती. भूल पुरेशी खोल होत नसे आणि नाडी फार वाढे. अधिक चांगली औषधे उपलब्ध होताच १९८० च्या दशकात ती मागे पडली.

याच कुळातील आणखी एका वनस्पतीने अधिक टिकाऊ देणगी दिली. छिंगहाई-तिबेटच्या पठारावर उगवणाऱ्या अनिसोडस टांगुटिकस या झुडपाचा वापर तिबेटी वैद्य वेदनांवर करीत असत. चिनी शास्त्रज्ञांनी त्याच्या मुळांतून १९६५ साली अनिसोडामिन हे द्रव्य वेगळे केले. एप्रिल १९६५ ची आठवण म्हणून त्याला '६५४' हा संकेतांक मिळाला; वनस्पतीतून मिळालेले ते ६५४-१ आणि कारखान्यात बनवलेले ते ६५४-२. ॲट्रोपिनपेक्षा ते सौम्य आहे. मेंदूज्वरात रक्ताभिसरण कोलमडून अत्यवस्थ झालेल्या रुग्णांवर चिनी डॉक्टरांनी ते वापरले आणि पोटातील कळांसाठी आजही ते चिनी रुग्णालयांत दिले जाते.

दम्याबाबत तर धोतऱ्याची वाट भारतातूनच जगात गेली. धोतरा चिलमीत ओढण्याची येथील चाल पाहून ब्रिटिशांनी १८०२ च्या सुमारास ती इंग्लंडात नेली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोप-अमेरिकेत दम्याच्या 'औषधी सिगारेटी' विकल्या गेल्या. चिनी औषधकोशही फुले सिगारेटीसारखी ओढण्यास मान्यता देतो. परंतु दिवसाकाठी दीड ग्रॅमपेक्षा अधिक नाही. आजच्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या हाती असलेले टायोट्रोपियम हे फवाऱ्याने घ्यावयाचे औषध रासायनिक दृष्ट्या याच घराण्यातले आहे. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही, हा मोठा फरक.

नियम आणि गफलती

चीनच्या राज्य परिषदेने १९८८ साली विषारी औषधांच्या नियमनासाठी जे नियम केले, त्यांच्या यादीत सोमल, पारा, कच्चा बचनाग आणि कच्चा कुचला यांच्या जोडीला यांगजिन्हुआ आणि खुरासानी ओव्याच्या कच्च्या बियाही आहेत. अशा औषधाच्या एका चिठ्ठीवर दोन दिवसांच्या कमाल मात्रेपेक्षा अधिक माल देता येत नाही. चिठ्ठी एकदाच चालते आणि दुकानाला ती दोन वर्षे जपून ठेवावी लागते. गर्भवती स्त्रिया, काचबिंदू, उच्च रक्तदाब आणि जलद नाडीचे रुग्ण यांना ते वर्ज्य आहे. भारतातही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये धोतऱ्याचा समावेश असून, तो असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना छापणे बंधनकारक आहे. आयुर्वेद धत्तूराला उपविष मानतो आणि गोदुग्धासारख्या द्रवात बिया शिजवून त्यांचे शोधन केल्याविना त्या वापरू नयेत, असे सांगतो. दम्यावरील कनकासव हे त्याचे परिचित औषध. 'कनक' हेही धोतऱ्याचेच नाव. चिनी नावातील सोन्याशी त्याचा मेळ बसावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

नियम चोख असले तरी विषबाधा होतात आणि त्या बहुधा मात्रा चुकल्याने नव्हे, तर वनस्पती चुकल्याने. घरच्या घरी झाडाची फुले तोडून केलेला काढा हे एक कारण. दुसरे कारण दुकानातील सरमिसळीचे. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी १९९० च्या दशकापासून अशा अनेक घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या आहेत. त्यांपैकी काहींत रुग्णाला 'लिंगशियाओहुआ' हे निरुपद्रवी फूल लिहून दिलेले होते आणि पुडीत निघाला धोतरा. काढा प्यायल्यानंतर थोड्याच वेळात रुग्ण बरळू लागे आणि पुडीत उरलेला चोथा तपासल्यावरच कारण उघड होई.

वाळलेली ही दोन फुले ढिगात पाहिली तर दोन्ही सुरकुतलेली आणि तपकिरी दिसतात. पाण्यात भिजवून उलगडली म्हणजे फरक कळतो. लिंगशियाओहुआचे फूल साधारण चार-पाच सेंटिमीटरचे, घंटेसारख्या पुष्पकोशाचे असते. धोतऱ्याचे फूल त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, नळीसारख्या पुष्पकोशातून बाहेर पडलेले, कर्ण्यासारखे पसरणारे असते. माल तुकडे करून किंवा पूड करून आलेला असेल, तर मात्र डोळे उपयोगी पडत नाहीत; तेथे सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेतील अल्कलॉइडची चाचणी यांखेरीज खात्रीचा उपाय नाही.